हाराचा शॉट

घाटकोपर, ५ जुलै १९८७

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे.

इचलकरंजीचा तुमचा पत्ता बाळाकाकांनी दिला. मे महिन्यात ते तिकडे लग्नाला गेले होते, तेव्हा तुम्ही त्यांना बाजारात दिसलात. ती बाईही दिसली. काकांनी हे आईला आणि मला सांगितलं, तिसऱ्या कुणाला नाही. चाळीला अजून हेच माहीत आहे की गिरणी बंद पडली म्हणून दत्ताराम मागावर कामाला गेलाय आणि मालक रजा देत नाही. चार वर्षं रजा न देणारा मालक म्हणजे इंग्रजांच्याही वरताण. पण कुणी तोंडावर विचारत नाही, आणि आई रोज सकाळी कुंकू लावून विक्रोळीला कंपनीत पॅकिंगला जाते. गणपतीला गावी जायचं मात्र तिने सोडलंय. तिकडे विचारणारे जास्त.

भांडायला लिहीत नाहीये. भांडायचं असतं तर पोस्टकार्ड घेतलं असतं, म्हणजे तुमच्या पोस्टमनलाही कळलं असतं.

सांगायचं ते असं की मी सिनेमा काढतेय. हसू नका. मी आता पार्ल्याच्या कॉलेजात आहे, शेवटच्या वर्षाला. आमच्या वर्दे सरांनी यंदा स्पर्धा ठेवलीय: रहस्यपटाची नुसती सुरुवात करून आणायची. चार मिनिटं. पुढचा सिनेमा कुणी करायचा नाही, पण सुरुवात बघून लोकांना पुढचं बघावंसं वाटलं पाहिजे. माझ्या गटात श्यामकांत आहे, त्याच्या मामांनी मस्कतहून व्हिडिओ कॅमेरा आणलाय. आणि वसुधा, तिला अभिनय करायचाय. गोष्ट माझी. एक बाई कामावरून घरी येते. भिंतीवर तिच्या मेलेल्या नवऱ्याचा फोटो. ती चहा ठेवते. दारावर टकटक होते. ती दार उघडते, आपल्याला फक्त उंबऱ्याबाहेरच्या पुरुषाच्या चपला दिसतात, आणि बाईच्या हातून कप पडतो. संपलं. नाव 'टकटक'.

श्यामकांतच्या वडिलांना घरात शूटिंग नको, वसुधाच्या घरी माणसंच माणसं. राहिली आपली खोली. आणि नवऱ्याचा फोटो म्हणून वसुधा तिच्या आजोबांचा आणत होती. ऐंशी वर्षांचा नवरा! मी म्हटलं, राहू दे, आमच्या भिंतीवर आहे एक.

तुमचाच. गिरणी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत खलनायकाचं बक्षीस मिळालं तेव्हाचा, कोट घातलेला. कोट उसना होता हे मला माहीत आहे. रंगमंचावर तुम्ही इतक्यांदा मेलात, आता लेकीसाठी एकदा मरायला काय हरकत आहे? हार वगैरे काही घालणार नाही. एवढा मोठा फोटो आपल्यासारख्यांच्या घरात जिवंत माणसाचा कुणी लावतच नाही, लोकांना तसंच कळेल.

उत्तर लिहिणार असाल तर कॉलेजच्या पत्त्यावर लिहा. आईला हे पत्र माहीत नाही.

सुलू


घाटकोपर, १९ जुलै १९८७

बाबा,

उत्तर आलं नाही. बरं.

काल शूटिंग झालं. आईची काल दुपारपाळी होती. ती गेली आणि श्यामकांत खांद्यावर कॅमेरा, गळ्यात वायरी अशा अवतारात जिना चढून आला. अख्खी गॅलरी गोळा झाली. बाळाकाका पोलिसासारखे दारात उभे राहून पोरांना गप्प करत होते आणि त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा येत होता.

वसुधाला आईची जांभळी साडी नेसवली. ती दार उघडून आत आली, पर्स ठेवली, फोटोकडे बघितलं. इथे श्यामकांतने विचारलं, "अगं, बाबांच्या फोटोला हार नाही लावत तुम्ही?"

मी म्हटलं, "नाही."

"आईंना चालत नसेल ना? सॉरी हं यार, मला माहीत नव्हतं. तू कधी बोलली नाहीस." आणि तो एकदम हळू आवाजात बोलायला लागला, माणसं सुतकात बोलतात तसं. वसुधाने माझा हात धरला. त्याच वेळी त्यांना सांगायला हवं होतं की बाबा जिवंत आहेत, इचलकरंजीला आहेत. पण मग पुढचा प्रश्न आला असता, तिथे काय करतात, आणि त्याच्या पुढचा. मी वसुधाची पर्स उचलून तिच्या हातात दिली. मी कुणाला तुम्ही मेलात असं सांगितलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

संध्याकाळी श्यामकांतच्या घरी टेप लावून बघितली आणि वाट लागली. वसुधा आत येते तेव्हा घड्याळ डाव्या हातात, चहा ठेवते तेव्हा उजव्या. बाहेरच्या चपला म्हणून बाळाकाकांचे पाय घेतले होते, तर भीतीऐवजी त्यांची काळीनिळी पट्ट्यांची लुंगी दिसते. सगळ्यात कहर म्हणजे फोटोच्या काचेत श्यामकांत दिसतो, कॅमेऱ्यासकट, अगदी तुमच्या छातीच्या मधोमध.

तुम्ही असता तर म्हणाला असता, तालमी केल्या नाहीत, भोगा. खरं आहे.

सुलक्षणा


घाटकोपर, २ ऑगस्ट १९८७

बाबा,

बाकीच्या चुका निस्तरल्या. घड्याळाचा तुकडा गाळला. लुंगीच्या जागी श्यामकांतच्या वडिलांची पँट आणि जुन्या कोल्हापुरी घेतल्या, त्यांना न विचारता. फोटोच्या मागे वरच्या बाजूला काड्यापेटी खोचली. फोटो जरा पुढे झुकला आणि काचेतला श्यामकांत गेला.

मग काल वर्दे सरांना दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. पण हा फोटोतला गृहस्थ कोण?"

मी म्हटलं, "तिचा नवरा. मेलेला."

"मला कसं कळावं? मला वाटलं कामावर गेलाय. आता दार वाजलं, म्हणजे तोच आला असेल. मी घाबरू कशाला?" मग त्यांनी टेबलावर बोट आपटलं. "सुलक्षणा, तो मेलाय हे कळल्याशिवाय त्याच्या येण्यात भीती नाही. हार हवा."

श्यामकांत लगेच म्हणाला, "सर, मी तेच म्हणत होतो."

मी म्हटलं सगळं पुन्हा शूट करू, दुसरा फोटो लावू. पण वसुधाचा परवा साखरपुडा झाला. हातभर मेंदी आहे, आणि सासरच्यांनी सिनेमाबिनेमा बंद म्हणून सांगितलंय. कॅमेराही मामा परत नेणार आहेत. तेव्हा श्यामकांतनेच तोड काढली. बाई घरात येते, फोटोकडे बघते, इथपर्यंत आहे तेच ठेवायचं. त्याच्यापुढे एक नवा शॉट जोडायचा: पर्समधून हार काढून ती फोटोला घालते. फक्त हात दिसणार. मग चहा, मग टकटक. वर्षश्राद्धाचा दिवस आहे असं आपोआप कळेल. एका शॉटमध्ये सगळी चूक दुरुस्त.

"हात कुणाचे?" मी विचारलं.

"तुझे," तो म्हणाला. "अजून कुणाचे?"

बाबा, हे पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी लिहा. नको म्हणा. 'माझ्या फोटोला हात लावू नकोस' एवढं लिहिलंत तरी मी स्पर्धेतून नाव काढून घेईन. बापाने मनाई केली म्हटलं की कॉलेजात कुणी पुढे विचारत नाही. तेवढ्यासाठी तरी माझे बाप व्हा.

सुलू


घाटकोपर, १० ऑगस्ट १९८७

बाबा,

तुमचं 'नको' आलं नाही.

काल श्यामकांत हार घेऊन आला. मी झेंडूचा आणायला सांगितला होता. म्हटलं झेंडू तर सत्यनारायणालाही असतो, त्याचा अर्थ कसाही घेता येतो. तो म्हणाला, "झेंडूने सत्कार वाटेल गं, नगरसेवक निवडून आल्यासारखा." त्याने चंदनाच्या सालींचा आणला, मेलेल्यांना घालतात तोच. कागद सोडल्याबरोबर खोलीभर वास सुटला.

आईच्या बांगड्यांतल्या दोन घालून मी हात पुढे केले. पहिल्यांदा हार चौकटीच्या एकाच कोपऱ्यात अडकला. दुसऱ्यांदा माझ्या डोक्याची सावली पडली. तिसऱ्यांदा हात एवढे थरथरले की हार काचेवर वाजला. श्यामकांत ओरडला, "झकास! ही थरथर कुठून आणलीस यार?" मनगटावरचा स्टोव्हने भाजल्याचा डाग दिसतो का विचारलं, तर म्हणाला दिसतो, पण चांगला दिसतो, बाई कष्टाची वाटते.

तो निघाला तेव्हा मी हार काढून त्याच्याच पिशवीत घालून दिला आणि दारं-खिडक्या उघड्या टाकल्या. तरी आई आल्या आल्या म्हणाली, "कसलो वास येता गो?"

"साबणाचा," मी म्हटलं. "नवीन आणलाय."

मला स्वतःची किळस येतेय. आणि तुमची त्याहून जास्त. माझ्यावर ही वेळ तुम्ही आणलीत.

सुलक्षणा


घाटकोपर, २४ ऑगस्ट १९८७

बाबा,

'टकटक'ला दुसरं बक्षीस मिळालं. शनिवारी कॉलेजच्या हॉलमध्ये सगळ्यांचे सिनेमे दाखवले. बक्षीसवाल्यांच्या पालकांना बोलावलं होतं. आईला मी निमंत्रण दिलंच नव्हतं, पण श्यामकांत आगाऊपणा करून घरी येऊन सांगून गेला. तिने जांभळी साडी नेसली. ती साडी पडद्यावरही आहे हे सांगायचं मला धाडस झालं नाही.

हॉलमधले दिवे मालवले. वसुधा साडी नेसून आत आली तेव्हा आई हसली, मला कोपराने ढोसलं. मग तुमचा फोटो आला. तरी ती हसतच होती, अभिमानाने. मग दोन हात आले आणि त्यांनी हार घातला.

आईने माझं मनगट हातात घेतलं आणि अंधारात अंगठ्याने तो भाजल्याचा डाग चाचपला. सापडल्यावर हात सोडला. पुढे दार वाजलं तेव्हा सगळा हॉल दचकला, मागे एक मुलगी किंचाळली. सरांचं बरोबर होतं. हार घातल्याबरोबर सिनेमा जमला.

घरी आल्याबरोबर तिने स्टोव्ह पेटवला. पिठलं केलं, मला वाढलं. मी म्हटलं, "आई, खोटं होतं ते, सिनेमातलं."

ती म्हणाली, "जेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढून तिने तुमचा फोटो ओल्या फडक्याने पुसला, काच, चौकट, मागची बाजूसुद्धा. मागची काड्यापेटी काढून माझ्या हातात दिली. मग आरशासमोर उभी राहून रोजच्यासारखं कुंकू लावलं. मला रडू फुटलं. तिला नाही.

आता गणपतीत चाळीच्या मंडळाचा सत्यनारायण आहे. भाड्याने व्हिडिओ आणून रात्रभर सिनेमे दाखवतात, तुम्हाला माहीतच आहे. बाळाकाकांनी जाहीर करून टाकलंय की आधी आपल्या सुलूचा सिनेमा. मी श्यामकांतच्या मागे लागून दुसरी कॅसेट करून घेतलीय, हाराचा शॉट काढून. मधे एक झटका बसतो आणि गोष्ट कळत नाही, पण ती लावली की कुणाचं वाईट होणार नाही.

बाबा, तुम्ही नुसते येऊन एकदा त्या खोलीत उभे राहा. घातलेला हार तेवढ्यानेच उतरेल, दुसऱ्या कशाने नाही. मला तुम्ही हवे आहात. हे लिहायला मला एवढी पत्रं लागली.

सुलू


घाटकोपर, ३० ऑगस्ट १९८७

बाबा,

कार्ड मिळालं! सुट्टी होती तरी श्यामकांत कॉलेजातून घेऊन आला. चारच ओळी, पण अक्षर तुमचं. 'इकडचे सर्व मिटले आहे. शनिवारी सकाळी एस.टी.ने पोहोचतो. आईस सांगणे. फोटोचे मनावर घेऊ नये.' मी ते चौघीजणींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचलं, खोलीत एकटीच होते तरी.

आईला दाखवलं. तिला पत्रांचं सगळं सांगितलं. ती रागावली नाही. कार्ड दोनदा वाचलं, उलटून पत्त्याची बाजूही वाचली.

"मिटला म्हणजे काय? त्या बायलेन घरातसून काढल्यान?"

"असेल गं. कसंही असो, येतायत ना?"

"होय," ती म्हणाली. "जावक खंय मिळूक नाय म्हणान येतत." आणि तांदूळ निवडायला बसली.

ती नको म्हणाली नाही. नको म्हणाली नाही म्हणजे हो समजायचं, आपल्या घरात असंच असतं ना? मी चादरी धुवायला काढल्यात. फोटोचं मनावर घेऊ नको म्हणालात, त्याबद्दल तुमच्या पाया पडते.

तुमची सुलू


घाटकोपर, ३ सप्टेंबर १९८७

बाबा,

हे पत्र एक्स्प्रेस डिलिव्हरीने पाठवतेय. निघायच्या आधी मिळावं.

मंगळवारी सत्यनारायण झाला. चौकात टीव्ही मांडला, पुढे पोरं, मागे बायका. बाळाकाकांनी हात पुढे केला आणि मी पिशवीतून कॅसेट दिली, हार नसलेली. ते ती व्हिडिओत घालणार इतक्यात आई उठून पुढे आली. तिच्या पदराखाली दुसरी कॅसेट होती. बक्षीस मिळालेली, माझ्या पुस्तकांमागून काढलेली.

"बाळाभावजी, ती नको. ही लावा."

मी म्हटलं, "आई, ती नाही गं." तिने माझ्याकडे बघितलंच नाही. काकांनी तिच्या हातातली लावली.

फोटो आला तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, अरे, दत्ताराम! टाळ्या पडल्या. मग हार आला आणि टाळ्या विरल्या. पुढचं कुणी बघितलंच नाही. दार वाजलं, कप पडला, कुणी दचकलं नाही. सगळ्या बायका आईकडे बघत होत्या. तिने खाली बघून पदर कपाळावर ओढून घेतला.

मग सगळे बाळाकाकांकडे बघायला लागले, कारण शेवटचे तिकडे जाऊन आलेले तेच. त्यांनी मे महिन्यात तुम्हाला धडधाकट बघितलंय. त्यांनी आईकडे पाहिलं, आईने त्यांच्याकडे. काकांनी टीव्ही बंद केला, टोपी काढली आणि विचारलं, "वैनी, ह्यां कधी झालां?"

आई म्हणाली, "आमका उशिरा कळला. थयच उरकल्यानी."

एवढंच बोलली ती. बाकीचं चाळीने केलं. रत्नप्रभामावशीने हंबरडा फोडला. मंडळाने पुढचे सिनेमे रद्द केले. मी ओरडणार होते की खोटं आहे, परवा कार्ड आलंय, शनिवारी येतायत. तोंड उघडलंही. पण ज्यांनी माझा सिनेमा बघितला होता त्यांनी माझे हात बघितले होते. रत्नप्रभामावशीने मला छातीशी धरलं आणि म्हणाली, रड बाय, रड. आणि मी रडले. आता ते कशासाठी होतं कुणाला सांगू?

काल सकाळी आईने कुंकू लावलं नाही. बांगड्या फोडल्या नाहीत, एकेक उतरवून डब्यात ठेवल्या. बायका येऊन बसून गेल्या. सगळ्या गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, "ते परत येत होते! तुला माहीत होतं! तू मुद्दाम केलंस!"

"मुद्दामच केलंय," ती म्हणाली. "चार वर्षां रोज कुकू लावलंय. दार वाजला की उठून बसतंय. आता थकले ते येतले, रवतले, बरे झाले की परत जातले. मग माका परत लोकांका सांगूचा, मालक रजा देणा नाय." मग तिने बांगड्यांच्या डब्याचं झाकण लावलं. "मेलेलो माणूस परत सोडून जाणा नाय गो. तू हार घातलंस ता बरा केलंस. माका सुचाक नव्हता."

बाबा, मला तिचा राग येतोय आणि तिच्यापुढे बोलायला तोंड नाही. तुम्ही यावं म्हणून मी पत्रांवर पत्रं लिहिली, आणि तुमच्या यायच्या वाटेत हात घातले तेही माझेच. आता तुम्ही चाळीत पाऊल टाकलंत तर आई खोटारडी ठरेल, बाळाकाका खोटारडे ठरतील, आणि तिला त्या बायकांसमोर पुन्हा उभं राहावं लागेल. ते मी होऊ देणार नाही. म्हणून येऊ नका. हे मी लिहितेय. आईने सांगितलेलं नाही.

पण हे पत्र चुकलं आणि तुम्ही निघालातच, तर काय करायचं, ते मी तिला आज विचारलं. म्हटलं, मी डेपोवर जाऊन त्यांना भेटू का?

ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "जा. तुझो बापूस आसा. घोव माझो मेलो."

तेव्हा शनिवारी सकाळी मी एस.टी. डेपोवर असेन, चौकशीच्या खिडकीपाशी. उतरलात की तिथेच थांबा. घाटकोपरची बस विचारू नका.

सुलक्षणा